गाडी थांबत नाही? लिहून द्या!

गाडी वेळेवर येत असती तर मला सांगायला एकही किस्सा उरला नसता. पण ती उशिरा यायची, आणि माळसावंगीच्या फलाटावर बाक एकच! एका बाकावर चार माणसं रोज तासभर बसली की किस्से आपोआप साठतात. आता तर लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी वाढता वाढता म्हणतं, "वर्षाताई, ते गाडीचं सांगा ना!"

माळसावंगी म्हणजे हिंगोलीच्या अलीकडचं, पूर्णेच्या बाजूचं स्टेशन. स्टेशन आपलं म्हणायचं. एक लांब, बुटका फलाट, पत्र्याची शेड, तिकिटाची खिडकी आणि एक लिंबाचं झाड. बाकावर मी, हिंगोलीच्या कचेरीत आवक-जावक टेबलाला. शेजारी खिल्लारे सर, हिंगोलीच्या शाळेत गणित शिकवणारे. तिसरे विनायकगुरुजी, हिंगोलीला उतरून औंढ्याला नागनाथाच्या देवळात अभिषेकाला जाणारे. चौथे शेखचाचा. त्यांना कुठंच जायचं नसे. त्यांचा चहाचा स्टोव्ह बाकाशेजारीच होता.

सरांचं एकच हत्यार, "लिहून द्या." कुणीही "होत नाही" म्हणालं की सर हसून खिशातला पेन पुढं करायचे. "होत न्हाई ना? बराबर. तेवढं लिहून द्या." निम्मी माणसं तिथंच ढिली पडायची. नाही म्हणायला कुणाला काही वाटत नाही, पण नाही लिहायला हात थरथरतो. हे मला आवक-जावकला बसून चांगलंच माहीत होतं. म्हणून आमच्या बाकाचंही एक आवक-जावक रजिस्टर मी घातलं होतं. सरांनी रेल्वेच्या वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं की ते म्हणायचे, "वर्षा, जावक कर." जावकची पानंच्या पानं भरली. आवकचं पान कोरं करकरीत!

*

आमची गाडी मुळात छोट्या रुळावरची. छोटे रूळ उखडले, मोठे आले, मधे बराच काळ नुसती खडी आली आणि गाडी आलीच नाही. मग ती अकोल्यापर्यंत जायला लागली. आणि एक दिवस पेपरात आलं, गाडी नागपूरपर्यंत वाढवली!

सगळ्यात जास्त आनंद सरांना. त्यांची लेक प्रज्ञा नागपूरला नर्स, सासरही तिथलंच. आणि सरांच्या मिसेस, सुमनकाकू, यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एसटीत पाय दुमडून बसता येईना, अकोल्याला गाडी बदलायची तर पुलाच्या पायऱ्या चढवेनात. लेकीला पहिलं बाळ झालं तेव्हा काकूंनी ते फोनवरच बघितलं. थेट गाडी म्हणजे माळसावंगीला बसायचं आणि नागपूरला उतरायचं. सर हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. ते फक्त "जनतेची सोय" म्हणायचे. जनता घरात गुडघ्याला तेल चोळत बसलेली होती.

तर पहिल्या दिवशी आम्ही स्वागताची तयारी केली. झेंडूचा हार, नारळ, गावातला बँड. लांबून शिट्टी ऐकू आली, इंजिन दिसलं, आणि गाडी चक्क फलाटाला लागून उभी राहिली. बँड सुरू! गुरुजींनी नारळ फोडला, सरांनी इंजिनाला हार घातला, ड्रायव्हरच्या कपाळाला कुंकू लावलं.

तेवढ्यात चाचांनी मागं नजर टाकली. "सर, इसमें तो कोयला है."

मालगाडी होती! पुढचं फाटक लागेना म्हणून थांबली होती. सर हार काढायला पुढं झाले, तर ड्रायव्हरनं त्यांचा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "राहू द्या हो. आख्ख्या नोकरीत मालगाडीला कुणी हार घातला न्हाई."

राहू दिला. खरी गाडी दोन तासांनी आली, तोवर बँडवाले जेवायला गेले होते.

*

फलाट बुटका, त्यामुळे डब्याची पायरी काकूंच्या गुडघ्याच्याही वर यायची. यावर तोडगा चाचांचा. त्यांनी स्वतःचं बसायचं लाकडी स्टूल काकूंसाठी राखून ठेवलं. पण स्टूल ठेवायचं कुठं? गाडी थांबते दोन मिनिटं, आणि जनरल डबा नेमका कुठं लागेल ते गाडी येईस्तोवर कळत नाही.

सर गणिताचे. त्यांनी आठ दिवस मोजमाप केलं आणि फलाटावर प्रत्येक डब्याची जागा आखली. खडूनं आखली ती पुसली. चुन्यानं आखली ती बकऱ्यांनी तुडवली. मग गुरुजींनी मोंढ्यातून पोतंभर हलकी हळद आणली. डिंकाच्या पाण्यात कालवून रेघा मारल्या, त्या काही केल्या निघेनात. आमच्या जिल्ह्यात दुसरं काही मिळो न मिळो, हळद मिळते!

काकू त्या रेघेवरून दोनदा नागपूरला जाऊन आल्या. नातवाला आंघोळ घातली, लोणचं पोचवलं, जावयाशी भांडूनही आल्या. सगळं झोकात चाललं होतं.

मग गाडीचा खालचा मार्ग बदलला. आधी ती नांदेडकडून सरळ यायची, आता परभणीकडून यायला लागली आणि पूर्णेला इंजिन या टोकाचं त्या टोकाला. सगळे डबे उलटे! जनरल डबा पहिल्या रेघेवर असायचा, तो गेला शेवटच्या रेघेवर. पहिल्या दिवशी आख्खं गाव फलाटावरून पळालं. गुरुजींचं सोवळं सुटता सुटता राहिलं.

मी म्हटलं, "सर, रेघा नव्यानं मारू."

"काहून? आपल्या रेघा बराबर हायेत. गाडी उलटी उभी राहून राहिली."

आणि तसं पत्र लिहिलं. "सदर गाडीचे डबे ठरलेल्या जागी उभे राहत नाहीत, तरी योग्य ती समज देण्यात यावी." वर्षा, जावक कर!

*

समज मिळाली ती आम्हालाच. गाडी परत अकोल्यापर्यंत तोडली. कारण विचारलं, तर म्हणे पुढं प्रवासी नाहीत. काकूंचं नागपूर बंद. त्या दिवशी सर घरून डबा न आणता आले. 

दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर गेले. आत तिकिटाचा एजंट भगवान.

"एक नागपूर."

"सर, गाडी अकोल्यालाच थांबून राहिली ना आता."

"तसं लिहून दे."

भगवान बिचारा भला माणूस. त्यानं वहीचं पान फाडून लिहून दिलं, "गाडी नागपूरला जात नाही, भगवान." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा! पावसाळा संपेस्तोवर सरांकडे अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला, आणि प्रत्येक पत्राला ते दहा-दहा चिठ्ठ्या टाचून पाठवायचे. "प्रवासी नाहीत म्हणता? हा बघा, रोज एक नागपूर मागणारा प्रवासी."

चाचांची तऱ्हा वेगळी. माळसावंगीला भोंगा नव्हता, तेव्हा गाडी पुकारायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. "हिंगोली, वाशिम, अकोला, अमरावती, नागपूर!" गाडी तोडली तरी चाचांनी पुकारा तोडला नाही. शेवटचं "नागपूऽऽर" तर आणखी लांबवायला लागले.

एकदा एक परका माणूस त्या पुकाऱ्यावर विसंबून गाडीत बसला. दोन दिवसांनी धुळीनं माखलेला परत आला आणि थेट चहाच्या स्टोव्हपुढं उभा राहिला. "काय हो, नागपूर म्हणून ओरडता आणि गाडी अकोल्याला खाली करतात!"

चाचांनी शांतपणे त्याला चहा दिला. "मैं सच बोला मियाँ. झूठ तो गाडी बोली."

तो माणूस चहा पिऊन सरांच्या पत्रावर सही करून गेला.

*

चिठ्ठ्यांनी म्हणा, की वर कुणाला कंटाळा आला म्हणून म्हणा, गाडी पुन्हा नागपूरला जायला लागली. पण तिची बढती झाली! पॅसेंजरची फास्ट झाली आणि छोटे थांबे उडाले. त्यात माळसावंगी. म्हणजे जिथं जायचं तिथं गाडी चालली, पण जिथून बसायचं तिथं थांबेना.

खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी रडू आलं. राग होता तो. कचेरीतही असंच होतं. लहान गावाचा कागद ढिगाच्या तळाशी जातो, आणि तळाचा कागद कुणी उपसत नाही. मी म्हटलं, "सर, आता बास. एसटीनं जाऊ."

सर म्हणाले, "जाऊ की. पर आधी गाडीला उभं राहू."

आणि आम्ही उभे राहायला लागलो. रोज सकाळी डबे, पिशव्या घेऊन, हळदीच्या रेघांवर, गाडी थांबणारच आहे अशा थाटात! चाचा पुकारा करायचे. गाडी धडधडत समोरून जायची, धूळ उडवायची. गुरुजी हात जोडून म्हणायचे, "दर्शन झालं. चला." मग आम्ही फाट्यावर जाऊन एसटी पकडायचो. आधी चौघं होतो, मग दहा झालो, पुढं पुढं निम्मं गाव उभं राहायला लागलं. एक ड्रायव्हर आम्हाला बघून लांबलचक हॉर्न द्यायचा. चाचांची खात्री होती की तो हार घातलेला मालगाडीवालाच!

एका नव्या पाहुण्यानं सरांना समजावलं, "अहो, ही गाडी इथं थांबत नाही."

सरांनी पेन पुढं केला. पाहुणा घाबरून खरंच लिहून देऊन गेला.

*

शेवटी वरून एक साहेब पाहणीला येणार असं कळलं. सरांनी गावात दवंडी दिली. त्या दिवशी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रंका, वळकट्या, पाण्याच्या कॅन. एकानं तर प्रवासी वाटावं म्हणून कोंबडी बरोबर आणली होती.

साहेब खुश दिसले. त्यांनी बरोबर किसनआबांना गाठलं. आबा गावातले सगळ्यात म्हातारे, डोक्यावर बोचकं.

"बाबा, कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. तुमी येणार म्हून आलो. तुमी गेले की घरला."

सगळा फलाट गार! सरांनी कपाळावर हात मारला. साहेबांनी हसू दाबलं. "अहो, मग थांबा कशाला पाहिजे तुम्हाला?"

आबांनी बोचकं खाली ठेवलं. "जायचं का न जायचं, ते आमी ठरवू. थांबायचं का न्हाई, हे तिनं काहून ठरवावं? रूळ आमच्या वावरातून गेला ना?"

 साहेब वहीत काहीतरी लिहून गेले. आणि महिन्यानं थांबा मंजूर झाला! भगवाननं खिडकीमागून बाहेर येऊन सरांना मिठी मारली.

मग सरांनी तो कागद नीट वाचला. थांबा फक्त नागपूरला जाणाऱ्या गाडीला होता. परतीच्या गाडीला नव्हता. म्हणजे माळसावंगीच्या माणसानं नागपूरला जावं आणि तिकडंच राहावं!

*

सरांना वाटलं, काकू तरी आता खुश होतील. नागपूरला दुसरं नातवंड झालं होतं. काकूंनी कागद ऐकून घेतला आणि विचारलं, "येताना कुठं उतरू?"

"हिंगोलीला. मी रिक्षा घेऊन येतो ना."

"माझं गाव हिंगोली न्हाई." बस, विषय संपला. एवढी वर्षं आम्हाला वाटत होतं की घरातला हट्टी माणूस सर आहेत!

पत्र गेलं. आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आलं! रजिस्टरमधली पहिली आवक. मी नंबर टाकला, लिफाफा फोडला. आत एकच ओळ. "परतीची गाडी सदर स्थानकावर कधीही थांबल्याची नोंद आढळत नाही."

गाव पेटलं. कधीही नाही? आमची निम्मी वऱ्हाडं त्या गाडीतून उतरली होती! गुरुजींनी घरून जुन्या लग्नपत्रिकांची पेटी आणली. गावातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागलं नव्हतं, आणि सरांच्या लग्नात बौद्ध पद्धतीनं विधी झाला तेव्हाही ते पहिल्या रांगेत जेवायला हजर होते. पत्रिकांवर तळाला छापलेलं, "परतीच्या गाडीने माळसावंगी स्टेशनवर उतरावे, बैलगाडी हजर असेल." अशा चाळीस पत्रिका! सर आणि गुरुजी स्वतः त्या घेऊन वरच्या ऑफिसात गेले.

तिथल्या बाबूनं पत्रिका चाळल्या. कौतुकानं दोन वाचल्या. मग म्हणाला, "छान आहेत. पण हा सरकारी कागद नाही. गाडी थांबल्याचा सरकारी कागद आणा."

"न्हाई म्हणता ते लिहून द्या," सर म्हणाले.

"लिहून दिलंय की. एक ओळ."

पहिल्यांदाच सरांच्या हत्याराला धार उरली नाही.  घरी आल्यावर काकूंना फक्त एवढंच म्हणाले, "कागद पाहिजे म्हणतात."

काकूंनी थोडा विचार केला. "उद्याचं तिकीट काढा. मी चालले नागपूरला."

सकाळी आम्ही सगळे होतो. चाचांचं स्टूल शेवटच्या रेघेवर. काकू चढल्या, खिडकीशी बसल्या. आम्हाला हायसं वाटलं. म्हातारीनं ऐकलं म्हणायचं!

*

पंधरा दिवसांनी काकू परत यायच्या होत्या. सर दुपारीच रिक्षा ठरवून हिंगोलीला निघाले होते. मी सुट्टीवर होते, बाकावर चहा पीत बसले होते. इतक्यात सर उलट पावली परत येताना दिसले, कानाला फोन.

"मी म्हटलं मी निघतो, तर म्हणती तुमी फलाटावरच थांबा," सर म्हणाले. "आन् स्टूल तयार ठेवा म्हणती."

गुरुजी देवळातून नुकतेच आले होते, तेही उभे राहिले. चाचांनी स्टूल पुसलं. भगवान खिडकीमागून बाहेर आला. थोड्या वेळानं सरांचा फोन वाजला. आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. "हिंगोली गेली बरं का!"

"अगं, उतरली न्हाईस?"

फोन बंद.

परतीची गाडी दिसली. नेहमीसारखी धडधडत आली, फाटक ओलांडलं, आणि चाकांचा असा काही आवाज झाला की लिंबावरचे कावळे उडाले. गाडी थांबली! काकूंचा डबा चार रेघा पुढं जाऊन उभा राहिला. सर या वयात डोक्यावर स्टूल घेऊन पळाले.

काकू सावकाश उतरल्या. एक पाय, दुसरा पाय, मग पिशवी. मागून टीसी, पाठीमागनं गार्ड पळत आला.

"आजी, चेन तुम्ही ओढली?"

"व्हय."

"काय झालं? कुणी आजारी आहे का? काही चोरीला गेलं?"

"न्हाई. उतरायचं होतं."

"उतरायचं होतं म्हणून कुणी चेन ओढतं का! गुन्हा आहे तो. दंडाची पावती फाडावी लागेल."

"फाडा की," काकू स्टुलावर बसल्या. "त्याच्यासाठीच तर आले. लिहून द्या."

टीसीनं पुस्तक काढलं. काकू बोटानं दाखवत होत्या. "गाडीचा नंबर लिवा. तारीख लिवा. आन् गाडी कुठं थांबली ते लिवा. माळसावंगी. ठळक."

टीसीचा पेन थांबला. त्यानं काकूंकडे बघितलं, मग सरांकडे, मग रेघांवर उभ्या असलेल्या आमच्याकडे. खिडक्याखिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. चाचांनी टीसीच्या हातात चहाचा ग्लास दिला.

"आणि कारण काय लिहू?"

"प्रवासी उतरला."

त्यानं लिहिलं. शिक्का मारला. पावती टरकन फाडून काकूंना दिली, काकूंनी सरांना दिली. सरांनी चष्मा पुसला, पावती दोनदा वाचली आणि माझ्यापुढं धरली.

"वर्षा, आवक कर."